नकाशावरचं आडनाव

शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला होते, तेव्हाची ही गोष्ट. दुपारच्या बॅचला टायपिंगला बसवून मी माझ्या मशिनवर खेळ उघडला, तर किल्ल्याच्या जागी सूचना दिसली. महिनाअखेरीस सर्व्हर कायमचा बंद होणार होता. इतके दिवस खेळलात त्याबद्दल आभार. कारण काहीच दिलं नव्हतं.

खेळ साधा होता. नकाशावर प्रत्येकाचा एक किल्ला. शेती वाढवायची, फौज उभी करायची, दुसऱ्यावर चाल करायची. चित्रं जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे आमच्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरही तो उघडायचा. फौज पाठवली की पोचायला काही तास लागत, तेवढ्यात घरी जाऊन स्वयंपाक उरकून यावं. एकट्याचा तिथं निभाव लागत नसे, म्हणून लोक गट करून खेळत. शिरूर-दौंड भागातल्या खेळाडूंचा एक मोठा गट होता आणि त्याची प्रमुख मी होते.

सगळे टोपणनावानं खेळत. बँकेत गेलं, भाड्याची खोली बघायला गेलं, की मला पहिला प्रश्न आडनावाचा यायचा. खेळात तो कधी कुणी विचारला नाही. मी हुकूम द्यायची आणि माणसं तो पाळायची. बागायतदारांची पोरं, कंपनीतले कामगार, कॉलेजातले सर, सगळे. या गोष्टीची चटक लागते.

सूचना आली आणि खेळातल्या गप्पांच्या पानावर रडारड सुरू झाली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून लोकांनी खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुणी अर्ज लिहिला, कुणी त्याखाली सह्या मागितल्या. कंपनी कुठल्या देशात आहे हेसुद्धा आम्हाला धड ठाऊक नव्हतं. मी मात्र काहीच लिहिलं नाही. माझ्या मनात एकाच माणसाचा विचार आला. सर्व्हर बंद झाला, की हा कायमचा सुटला.

तो वरवंडकडचा. ऊस, विहिरी, वडील गावच्या सोसायटीवर. गटात तो माझा उजवा हात होता. मला 'सरकार' म्हणायचा. "सरकार, आज कुणाची खोड मोडायची?" असा सकाळी सकाळी त्याचा निरोप असायचा.

एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं ठरलं. दौंड स्टेशनसमोरच्या हॉटेलात आम्ही जमलो, मिसळ मागवली. तो माझ्यासमोरच बसला होता. हसत म्हणाला, "सरकार, आता तरी खरं नाव सांगा की."

मी पूर्ण नाव सांगितलं.

"शिरूरमधी कुठं राहता?"

"बुद्धविहाराच्या मागं."

"बरं, बरं," तो म्हणाला आणि शेजारच्याशी ऊसतोडीबद्दल बोलायला लागला. निघताना "येतो मॅडम" म्हणाला. सरकार हा शब्द मला त्याच्याकडून पुन्हा ऐकायला मिळाला नाही.

थोड्याच दिवसांत त्यानं गटाच्या पानावर लिहिलं, "ह्यांच्या हुकमाखाली राहायचं का आता आपण?" 'ह्यांच्या' म्हणजे कुणाच्या, हे एकानंही विचारलं नाही. अर्धा गट त्याच्यामागं निघून गेला. माझी फौज कधी बाहेर असते हे त्याला पाठ होतं. नेमकी ती वेळ साधून त्यानं माझा किल्ला जाळला. माझ्याबरोबर जे उरले त्यात क्लासशेजारी झेरॉक्सचं दुकान चालवणारे आप्पा होते आणि सणसवाडीतल्या एका कंपनीत लेथवर काम करणारा बिहारचा ऑपरेटर होता. बाकी काही किरकोळ मंडळी. त्यांच्या जोरावर मी पुन्हा किल्ला उभा केला, पण त्याच्या वाटेला जाण्याइतकी ताकद कधी आली नाही.

सूचना आल्यावर आप्पा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "पोरी, आता फौज राखून काय लोणचं घालायचंय? जे हाय ते सोड त्याच्यावर."

आप्पांचं बरोबर होतं. एरवी कुणी आपली सगळी फौज बाहेर काढत नसे, मागं किल्ला उघडा पडायची भीती असे. आता तीच भीती संपली होती. मी ओळखीच्या आणि अनोळखी, मित्र आणि वैरी अशा सगळ्या गटांना निरोप पाठवले. जाता जाता माझं एक काम करा, म्हणून लिहिलं. त्यानं काय केलं होतं तेही लिहिलं, 'ह्यांच्या' या शब्दासकट. मला वाटलं होतं चार जण येतील. नकाशाच्या चारी कोपऱ्यांतून लोक तयार झाले. सगळेच माझ्यासाठी आले असं मी म्हणणार नाही. सगळ्यांच्या पोटात राग होता, आणि कंपनीला हात लावता येत नव्हता. त्याला येत होता.

रविवारी क्लास बंद असायचा. किल्ली माझ्याकडेच असे. कुणी कधी निघायचं हे मी ठरवून दिलं होतं, म्हणजे सगळ्या फौजा एकाच वेळी त्याच्या तटाला भिडतील. फौजा निघाल्या आणि लाइट गेली. भारनियमनाचा तो वारच नव्हता, तरी गेली. पुढचं खेळात आपोआप होणार होतं, पण आम्हाला दिसणार नव्हतं. काळ्या पडद्यासमोर आप्पा आणि मी नुसते बसून राहिलो. शेवटी क्लासचा फोन वाजला. सणसवाडीत लाइट होती आणि ऑपरेटर तिथल्या सायबर कॅफेत बसला होता.

"दीदी," तो म्हणाला, "किला गिर गया. अब आपका है."

आप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

जिंकलेल्या किल्ल्याचं नाव बदलता येत असे. लाइट आल्यावर मी पहिलं काम ते केलं. त्याच्या गावाचं नाव पुसून तिथं माझं आडनाव टाकलं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. आमच्या भागातला सगळ्यात मोठा किल्ला तो. नकाशा उघडणाऱ्या प्रत्येकाला आधी तेच दिसायचं.

दुसऱ्या दिवशी त्याचा क्लासवर फोन आला.

"मॅडम, वरवंडवरनं बोलतोय. जिंकलात, चांगलं झालं. तेवढं नाव काढा."

"का?"

"आमची पोरं बघत्यात. हसत्यात."

"आडनावात हसण्यासारखं काय हाय?"

"गेमच हाय की ओ. चार दिवसांत बंद पडनार. कशाला एवढं मनाव घ्यायचं?"

"चार दिवसांत बंद पडणार हाय, तर चार दिवस राहू द्या की."

त्यानंच फोन ठेवला. मी शेजारून चहा मागवला आणि सगळ्या बॅचला पाजला.

त्यानं किल्ला परत घ्यायची धडपड केली, पण आत आम्हा सगळ्यांची शिबंदी होती. रोज सकाळी क्लास उघडला, की मी त्याच्या किल्ल्यातली एक इमारत पाडायची. आधी बाजार, मग पागा, मग त्यानं हौसेनं बांधलेला दरबार. तट तेवढा ठेवला, कारण नाव टिकायला हवं होतं. मला एकदाही थांबावंसं वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी पान उघडायचं थांबलं. गप्पांच्या पानावर माणसं एकमेकांचे फोन नंबर मागत होती, ते अर्धवटच राहिलं. आप्पांनी चष्मा काढून पुसला. ऑपरेटर फोनवर म्हणाला, आता रविवारी काय करायचं. मलाही वाईट वाटलं, पण ते खेळाचं. सूड घेऊन माणसाला रितं वाटतं असं लोक सांगतात. मला त्या आठवड्यात छान झोप लागली.

कंपनीचा हिशोब मात्र राहून गेला. त्या माणसाला नाव होतं, गाव होतं, फोनवर त्याचा आवाज पडलेला ऐकता आला. कंपनीचं काय करायचं? काही महिन्यांनी तिच्याच नव्या खेळाचं आमंत्रण मेलमध्ये आलं. जुन्या खेळाडूंसाठी खास.

"खेळायचं का, आप्पा?" मी विचारलं.

"त्येंच्या दारात परत? न्हाई."

मी क्लासमधल्या एकूण एक मशिनवर त्या कंपनीची साइट बंद करून टाकली. मालकांनी विचारलं, तेव्हा त्यावरनं व्हायरस येतो म्हणून सांगितलं.