धाकटी चौथऱ्यावर, थोरला रांगेत

वाद्यवृंदात तो व्हायोलिन वाजवायचा, पहिल्या रांगेत. समोरच्या लाकडी चौथऱ्यावर छडी घेऊन उभी असायची त्याची सख्खी धाकटी बहीण. ती कंडक्टर झाल्यापासून त्याचा जळफळाट थांबला नव्हता.

"तिकिटं नाही फाडत ती, नुसती हवा कापते," असं तो शेजाऱ्यांना सांगायचा. शेजारी हसले की त्याला तेवढंच बरं वाटायचं.

लहानपणी कान तयार होता तो त्याचा. ती बेसूर व्हायची, हा सुधारायचा. आणि आता हीच बया सगळ्यांदेखत म्हणणार, "दादा, तिथे जरा दमानं!"

तिचा सराव तर त्याच्या डोक्यातच जायचा. ना वाद्य, ना आवाज. आरशासमोर उभी राहून उजव्या हातानं ताल धरायची आणि डावा हात जराही हलू द्यायची नाही. मग हात बदलायचे. भांडी घासताना तोंडानं बासरीची ओळ, पायानं ढोलाचे ठोके. "नाटकं नुसती," तो पुटपुटायचा.

एकदा ऐन तालमीच्या दिवशी ती तापानं फणफणली. "दादा, आज तू घे तालीम. तुला सगळं तोंडपाठ आहे."

त्याला मनातून उकळ्या फुटल्या. ऐटीत चौथऱ्यावर चढून त्यानं छडी उचलली. पण तो सूर ऐकून हात हलवायचा आणि वादक हात बघून सूर लावायचे. एकमेकांची वाट बघता बघता लय रेंगाळत गेली, शेवटी थांबलीच. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

"अहो, आम्ही नक्की कुणाच्या मागे जायचं?" ढोलवाल्या बाईंनी विचारलं.

घरी आल्यावर बहिणीनं पांघरुणातूनच विचारलं, "कशी झाली?"

"ठीक."

तिनं ओळखलं. "सूर यायच्या आधी तो आपल्याला ऐकू यावा लागतो रे. श्वाससुद्धा त्यांच्या आधी घ्यायचा. शाळेच्या बँडपुढे किती वर्षं फजिती झाली माझी, तेव्हा कुठे जमलं. तू कधी आलाच नाहीस बघायला."

आजवर तो तिच्या नशिबावर जळत होता. आता तीही सोय उरली नाही.

पुढच्या तालमीला ती आली. हात वर गेला, सगळ्या रांगेनं एकदम श्वास घेतला. त्यानंही घेतला, आणि स्वतःवरच चिडला.

परतताना त्यानं मुद्दाम काढलंच, "मधे बासरी उशिरा आली हं."

"हो ना. माझाच हात उशिरा गेला," ती म्हणाली.

चूक दाखवायचं समाधानही तिनं त्याला मिळू दिलं नाही.