आकड्याची शेपटी

"यंत्रातला शोध चालू हाय ओ अण्णा. पर पाऊण इंची एल्बो मागितला की तीन इंची पाईप, चार इंची पाईप, चार नंबरचा स्क्रू, समदंच दावालंय."

"ते मीच सांगितलो की तुला, गेल्या आठवड्यात," फोनवर श्रीहरीअण्णा म्हणाला. "तू काय नवीन सांगतोस?"

"मी कारण सांगालोय. ३/४ म्हंजे एकच आकडा, हे यंत्राला ठाव न्हाई. तिरकी रेघ दिसली की तोडतंय. तीन येगळा, चार येगळा."

"मग नको तोडू म्हण त्याला."

"तेच म्हणालोय."

"सोमवारी माझा डोळा आहे बघ," अण्णा म्हणाला आणि फोन ठेवला.

इकडून बोलणारा बसवंत खानापूरकडचा. बेळगावात डिप्लोमा केला, बेंगळूरला आला, येलहंक्यात खोली घेतली. ऑफिसात हिंदी बोलतो, रिक्षात कन्नड, आणि आपल्या माणसाशी गावात बोलतो तसंच. त्याची कंपनी दुकानांना माल शोधायची सोय करून देते. त्यात याचं काम टोकनायझरचं. यंत्र मालाचं नाव सबंध वाचत नाही, आधी त्याचे तुकडे करतं. त्यांना टोकन म्हणतात. तुकडा चुकीचा पडला तर माल कपाटात असून सापडत नाही. कुठं तोडायचं ते चिन्हांच्या नमुन्यात लिहून द्यायचं. त्या लिखाणाला रेजेक्स म्हणतात आणि ते कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत दिसतं. बसवंतच्या आईनं एकदा बघितलं आणि विचारलं, याचा पगार देतात काय रे.

श्रीहरीअण्णा चिकपेटेतल्या गुरुराजरावांच्या हार्डवेअर दुकानाचा गोडाऊनवाला. तीन मजले, चौदा हजार माल, आणि कुठला कुठं आहे हे एकट्या अण्णाला ठाऊक. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरनं सांगितलेलं, ऑपरेशननंतर महिनाभर धूळ नको, शिडी नको. पण अण्णा महिनाभर नसला तर दुकान बसणार, म्हणून ऑपरेशन दोनदा पुढं गेलेलं. यंत्राला माल सापडायला लागला की जा, असं मालकांचं म्हणणं. मागच्या मंगळवारी अण्णा शिडीच्या दोन पायऱ्या चुकून खाली आला. पडलो नाही, उतरलो, असं तो सांगतो.

शुक्रवारी बसवंतनं नियम बदलला. फक्त मोकळी जागा दिसेल तिथंच तोड. ऑफिसात पाच-पन्नास नावं स्वतः टाईप करून बघितली, सगळी सापडली. दुकानात ३/४ विचारलं तर एकही माल नाही. आधी निदान भलतं तरी यायचं.

शनिवारी सकाळी बसनं मॅजेस्टिक, तिथनं एक स्टेशन मेट्रो करून बसवंत दुकानात हजर झाला. अण्णा खणावर चिठ्ठी चिकटवत होता. एल्बो ब्रास ३/४/-, म्हणजे पाईपचा पाऊण इंची पितळी कोपरा.

"अण्णा, ही शेपटी कसली?"

"आकडा उघडा ठेवायचा नाही. मागं कोण काय लिहील सांगता येत नाही. चेकावर लिहीत नाहीस काय तू?"

"चेकावर पैसं असत्यात. एल्बोच्या मागं कोण काय लिवणार?"

"पस्तीस वर्षांत कोण लिहिला नाही," अण्णा म्हणाला. "शेपटी आहे म्हणून."

यादी भरणाऱ्यानं चिठ्ठ्या जशाच्या तशा उतरवल्या होत्या, म्हणून यादीत नुसतं ३/४ नव्हतंच, शेपटीसकट होतं. चौदा हजार ओळी बसवंतनं वाचल्या नव्हत्या. कोण वाचतं?

"काढून टाका सगळ्या शेपट्या," गल्ल्यावरून गुरुराजराव म्हणाले.

"काढाल, आन् सोमवारपतोर अण्णा नव्या लावतील," बसवंत म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. यंत्रालाच शिकवतो."

काउंटरवर लॅपटॉप उघडून त्यानं नमुना लिहिला. रेघेच्या दोन्ही अंगाला आकडा असेल तरच ती रेघ आकड्याची, म्हणजे ३/४ अख्खं राहील. मागची शेपटी बाहेर. अक्षरांचा शब्द अख्खा. नवा नियम जुन्या मालाला आपसूक लागत नाही, सगळी यादी परत भरावी लागते. ती भरेस्तोवर बाय-टू कॉफी, म्हणजे एकीत दोघं, झाली.

३/४ विचारलं. काही नाही. एल्बो. काही नाही. ब्रास. काही नाही.

अण्णानं कीबोर्ड ओढला, चष्मा कपाळावर चढवला आणि नुसतं /- लिहिलं. अकरा हजार माल आला.

"माझ्या शेपट्या तेवढ्या सापडल्या बघ याला," अण्णा म्हणाला.

गुरुराजरावांनी खिशातनं फोन काढला. "आस्पत्रीला सांगतो अण्णा, पंधरा दिवस पुढं घ्या म्हणून. याचं स्वल्प नीट होऊ दे."

अण्णानं उजवा डोळा धोतराच्या सोग्यानं पुसला.

बसवंत पडद्याकडं बघत बसला होता. नमुन्याखाली एक बारीक आकडा असतो. उणे एक ठेवला तर यंत्र नमुन्याला विळा समजतं, तो जिथं लागेल तिथं कापून उरलेलं ठेवतं. शून्य ठेवला तर नमुना हाच दाणा समजतं. न सांगता तो उणे एकच असतो, आणि बसवंतनं त्याला हातच लावला नव्हता. सूप उलटं धरून दाणे उकिरड्यावर आणि फोलपटं कणगीत, असा कारभार झालेला.

"मालक, फोन लावू नका. एक आकडा चुकालाय."

"किती वेळ?"

"अजून एक बाय-टू."

यादी परत भरली. ३/४ एल्बो ब्रास. वर पहिलाच माल, दुसरा मजला, सातवं कपाट, चौथा खण. प्राणेश नावाचा सेल्समन आहे तिथं. सहा वर्षं झाली, अण्णाला हाक मारल्याशिवाय त्याला खिळासुद्धा सापडलेला नाही. त्याला वर पाठवलं. तो एल्बो घेऊन खाली आला. अण्णानं डोळ्यानं बघितलाच नाही, आत अंगठा घालून फिरवला.

"मुक्काल," म्हणजे पाऊण. "सरी," म्हणजे बरोबर.

मग त्यानं आपल्या पद्धतीनं ३/४/- लिहून बघितलं. तोच माल आला.

"शेपटी लावली तरी येतं?"

"इचारल्यालं बी त्याच नियमानं तोडतंय ओ."

गुरुराजरावांनी फोन खिशात टाकला. "सोमवारी किती वाजता?"

"साडेसातला. उपाशी पोटी," अण्णा म्हणाला, आणि प्राणेशला म्हणाला, "तो खण उघडा सोडून आलास काय बघून ये."

बसवंतचा फोन वाजला. आनेकलचा नट-बोल्टवाला. सव्वा, म्हणजे १.२५ मिलिमीटर आट्याचा बोल्ट विचारला की एक मिलिमीटरचा येतोय, पंचवीसचा येतोय, सव्वाचा तेवढा येत नाही.

"टिंबाला तोडालंय ते," बसवंत म्हणाला. "तुमच्या चिठ्ठ्यांचं फोटू पाठवा आधी. समद्या खणांचं." आणि त्यानं लॅपटॉप पुढ्यात ओढला.