गाडीखालचं काळं ऑईल

मुलीचा सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला जालन्याहून मंठ्याला आणायला मीच जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. तर तिचा फोन आला, "बाबा, तुम्ही नका येऊ. मी यांच्या गाडीनं येते." कारण काही सांगितलं नाही. मला ते फार लागलं. आमची गाडी अठरा वर्षांची आहे, वाटेत वाटूरजवळ जरा खड्डा आला की खालून खडखडते, हे खरं. पण म्हणून बापाची गाडी नको?

दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी मिस्त्रीकडे न्यायला निघालो. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," बायको म्हणाली. "पोरीला यायला अजून चार दिवस हायेत." मी चहासुद्धा घेतला नाही.

मिस्त्री गाडीखाली शिरला तो लवकर बाहेर येईना. मी तीनदा वाकून विचारलं. शेवटी त्यानं चाकाजवळचा, दणके झेलणारा एक रबरी बुश काढून माझ्या हातावर ठेवला. दाबून पाहिलं तर भाजलेल्या वांग्यासारखा लिबलिबीत.

"सर, खाली काय मारता तुम्ही?"

"जळकं ऑईल. दर मिरगाच्या आधी, स्वतःच्या हातानं. गंज लागू नये म्हणून," मी ऐटीत सांगितलं. आमच्याकडे नांगरालासुद्धा लोक तेच फासतात.

"नांगराला रबर न्हाई, सर. ऑईलनं रबर फुगतंय, मंग असं होतंय, म्हणून खडखडतीय गाडी. अन् वरून चिखल चिकटला, त्याच्या आड गंज लागलाच की." त्यानं पान्याचं टोक मारलं तसा पत्र्याचा खपला खाली पडला. मला शरम वाटली. इतकी वर्षं मी रस्त्याला शिव्या घालत होतो.

दुपारपर्यंत नवे बुश बसले. गंज तारेच्या ब्रशनं खरवडून वर प्रायमर झाला, मग काळा रंग. "उद्यापर्यंत हलवायची न्हाई. रंग अजून वाळून राह्यला," मिस्त्री म्हणाला. मी मात्र दर दहा मिनिटांनी वाकून बोट लावून बघायचो. दोनदा ठसा उमटला, दोनदा त्यानं मुकाट्यानं पुन्हा रंग मारला.

न राहवून मुलीला फोन लावला. बुश नवे, आवाज बंद, चूक माझीच होती, सगळं सांगून टाकलं. "आता तरी येऊ का?"

"बाबा, मला त्या आवाजाची भीती कधीच वाटली न्हाई. आवाज आला की तुम्ही चिडता, अन् चिडले की गाडी पळवता. दिवाळीला आल्ते, तेव्हा सगळा रस्ता मी पोटावर हात ठेवून बसल्ते."

माझी लेक माझ्याच शेजारी बसून भ्यायली होती आणि मला पत्ता नव्हता.

"हळू चालवीन," कसंबसं म्हणालो.

"बघू. उद्या सांगते."

फोन ठेवला. हात पुन्हा गाडीखाली निघाला होता, तो मागं घेतला आणि तिथल्याच एका जुन्या टायरवर बसलो. उठावंसं फार वाटत होतं. उठलो नाही.