नळाच्या दिवशीचं जॅझ

लातुरात घरी थांबायचं असेल तर एक कारण असं आहे, की त्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. "आज आमचा नळ आहे." बस्स. आठवड्यातून एकदाच येणारं पाणी भरायचं असतं, म्हणून साहेब मान डोलावतात, पाहुणे उंबऱ्यातूनच परत फिरतात, लग्नाचं बोलावणं करायला आलेला माणूससुद्धा पत्रिका फाटकात खोचून जातो. ज्याच्या हातात पाण्याचा पाइप आहे त्याला फोन करू नये, आणि केलाच तर त्याने "पाणी भरून राहिले" म्हणताच मुकाट्याने ठेवून द्यावा, हा आमच्या गावचा अलिखित कायदा आहे. दुष्काळात रेल्वेने पाणी आलं ते वर्ष ज्यांनी इथे काढलं, ती माणसं नळाची चेष्टा करत नाहीत.

या कायद्याचा मी काही वर्षं मनसोक्त फायदा घेतला, आणि तोही जॅझ ऐकण्यासाठी.

जॅझ माझ्या आयुष्यात आलं नांदेडला. शिकायला म्हणून मी मुदखेडहून नांदेडला आले आणि एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहिले. दुकानाचे मालक म्हातारे होते आणि दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर एकाच कॅसेटवर वाजवून बघत. कॅसेटवर नाव नव्हतं. एक जाडजूड तंतुवाद्य खालून हुंकार देई, वर झांजेवर कुणीतरी कुंचला फिरवल्यासारखा आवाज येई, आणि मग सॅक्सोफोन सुरू होई. मिनिटभरात त्यांचं समाधान झालं की खटकन बंद. मी जिन्यात पुस्तक धरून बसायची आणि कुणाचा तरी स्पीकर बिघडावा म्हणून देवाला हात जोडायची. एकदा धीर करून विचारलं, "चाचा, हे गाणं कुठलं?" ते म्हणाले, "गाना नै बेटा ये, टेस्टिंग हय. इसमें मोटा-बारीक सब आवाज हय." मग बरीच वर्षं मीसुद्धा त्याला टेस्टिंगच म्हणत होते. त्याला जॅझ म्हणतात, हे फोनमध्ये इंटरनेट आल्यावर कळलं, आणि हरवलेलं माणूस पत्त्यासकट सापडावं तसा आनंद झाला.

पण सापडून उपयोग काय? ऐकायला वेळ कुठे होता? मी लातूरच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना सांगते, "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका. सोडा." घरी आलं की स्वयंपाक, धुणं, आलं-गेलं. आणि घरात सासूबाई. सासूबाई इथल्याच मुरुडजवळच्या एका खेड्यातल्या, जन्म सगळा रानात आणि चुलीपुढे काढलेला. त्या मला कधी एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण सून लिहायला बसली की लोक वेगळीच अपेक्षा ठेवतात. पण आमच्या घरात रिकाम्या हाताने बसायची रीतच नाही. कुणी नुसतं बसलेलं दिसलं की पहिला प्रश्न येतो, "बरं न्हाई का?" दुसऱ्यांदा दिसलं की कपाळाला हात लावून बघतात. अशा घरात मी कुठल्या तोंडाने सांगणार, की मला तासभर काहीही न करता, कुणीतरी परक्या मुलखातला माणूस पितळी वाद्य फुंकतोय ते ऐकायचं आहे?

तेव्हा मी नळाचा दिवस मागून घेतला. घरच्यांना वाटलं, काय गुणाची सून आहे. नवरा शाळेत शिक्षक, त्यालाही हायसं वाटलं. दवाखान्यात मी ड्युटी बदलून घ्यायची, आणि सोबतच्या बायका हळहळायच्या, "बिचारीला पाण्यापायी किती तारांबळ!" बिचारी मान खाली घालून घरी यायची, हौद भरायला लावायची, मोटर सुरू करायची आणि गच्चीवर टाकीच्या सावलीत पालथ्या बादलीवर बसून जॅझ लावायची. तास-दीड तास माझ्या बापाचा! खाली दोनदा बेल वाजली तरी सासूबाईच कुणाला तरी सांगायच्या, "ती पाणी भरून राहिली, मग ये."

इतर बायका नळाच्या दिवसाला वैतागायच्या. मी मात्र आदल्या दिवसापासून काय ऐकायचं ते मनात ठरवत असायची. कधी नुसता पियानो, कधी ट्रंपेट. धंद्याचा गुण म्हणा, माझं लक्ष हटकून वाजवणाऱ्याच्या श्वासावर जायचं. हा कुठे घेतो, किती रोखतो, कुठे सोडतो. आमच्या पेशंटला चार सेकंद धरवत नाही, आणि हा बाबा सूर लांबवत, वळवत, खाली आपटून पुन्हा वर घेऊन जातोय. मी मनातल्या मनात म्हणायची, "सोडा आता, सोडा," आणि तो काही सोडायचा नाही. हसू यायचं, आणि अंगावर काटाही यायचा.

टाकी भरत आली की आतला आवाज बदलतो. हा आवाज लातूरच्या माणसाला झोपेतही कळतो. म्हणून मी एकाच कानात इअरफोनचं बोंडूक घालायची आणि दुसरा कान टाकीला द्यायची. अर्धं जॅझ, अर्धं पाणी, असा आमचा संसार सुखाने चालला होता. तो मोडला माझ्या मुलाने. तो पुण्यात नोकरीला लागला आणि पहिल्या पगारातून त्याने आईला दोन्ही कान झाकणारा, गादीसारखा मऊ हेडफोन पाठवला. "बाहेरचा एकसुद्धा आवाज येत नाही, आई." अगदी खरं होतं ते.

पुढच्या नळाच्या दिवशी मी तो पहिल्यांदा लावला. मला आजवर माहीत नव्हतं की त्या जाड तंतुवाद्याच्या तारेवर बोट सरकल्याचाही आवाज येतो. वादक बाजूला बसून श्वास घेतोय असं वाटत होतं. सॅक्सोफोनवाल्याने एक लांबलचक तान घेतली, मी डोळे मिटले, आणि हा आता कुठे सोडतो ते बघू म्हणून त्याच्यासोबत माझाही श्वास रोखून धरला.

खांद्यावर हात पडला तेव्हा डोळे उघडले. शेजारच्या काकू उभ्या. त्यांच्या मागे शाळेतून नुकताच आलेला नवरा, जिन्याच्या तोंडाशी धापा टाकत सासूबाई. माझी सपात पाण्यात तरंगत होती. टाकी भरून, गच्ची भरून, पन्हाळीतून पाणी थेट गल्लीत. आणि गल्ली म्हणजे काय, ज्याला जे सापडेल ते घेऊन पन्हाळीखाली. कुणी बादली, कुणी पातेलं, एकजण तर स्कूटर घेऊनच आला होता धुवायला. लातुरात रस्त्यावर सोनं सांडलं तर लोक आधी आजूबाजूला बघतील, पण पाणी सांडलं की आधी धावतात आणि मग बोलतात. बोललेसुद्धा भरपूर.

"लई हाका मारल्या ओ," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, चक्कर येऊन पडली का काय. बगते तर ही डोळे झाकून पाय हलवून राहिली!"

ते वाक्य तिन्हीसांजेपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचलं. पुढे कित्येक दिवस भाजीवालासुद्धा मला बघून हसायचा. त्याचं काही नाही, हसण्याने कुणी झिजत नाही. खरी कुऱ्हाड पुढच्या रविवारी पडली. नवऱ्याने माणूस बोलावून टाकीत सेन्सर बसवून घेतला. हौदात पाणी आलं की मोटर आपोआप सुरू, टाकी भरली की आपोआप बंद. बसवून झाल्यावर तो केवढ्या कौतुकाने म्हणाला, "आता तुला नळासाठी ड्युटी बदलायची गरज नाही. खूप दगदग झाली तुझी." मी म्हणाले, "बरं झालं." आणि न्हाणीघरात जाऊन उगाचच दोन बादल्या कपडे धुतले. माझा तास गेला होता, आणि तो गेला म्हणून रडायचीही सोय नव्हती, कारण तो माझ्याकडे होता हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मी जमेल तिथे ऐकायचा प्रयत्न केला. भाकरी थापताना लावलं, तर हात त्या ठेक्यावर जायला लागला आणि भाकरी एका बाजूने पापड, दुसऱ्या बाजूने पुरणपोळी. कुकरला सुरांची चाड नाही, तो नेमका पियानो हळुवार झाला की शिटी मारतो. माहेरी जाताना रेल्वेत लावलं, तर समोरच्या बाई म्हणाल्या, "काय ऐकून राहिल्या? कीर्तन हाय का?" आणि मुदखेड येईपर्यंत त्यांनी मला स्वतःच्या तिन्ही जावयांची हकिगत सांगितली. दवाखान्यात दोन पेशंटच्या मध्ये ऐकलं. पण पुढच्याला "सोडा" म्हणायचं राहून गेलं, आणि तो बिचारा गाल फुगवून माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतर तिथे नाद सोडला.

महिनाभरात मी चिडचिडी झाले. ताट आपटायला लागले. नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का?" झालं! त्या प्रश्नाने माझा बांध फुटला. सासूबाई समोरच शेंगा फोडत बसल्या होत्या. मी दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला काही झालेलं नाही. मला आठवड्यातून एक तास पाहिजे. त्या तासात मी काही काम करणार नाही, फोन घेणार नाही, चहा टाकणार नाही. गच्चीवर बसणार आणि ते वाजवलेलं ऐकणार. आजवर पाणी भरायच्या नावाखाली तेच करत होते."

नवरा आधी गोंधळला. "म्हणजे तू पाण्यासाठी थांबत नव्हतीस?" मग त्याला एवढं हसू आलं की तो भिंतीला टेकला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. हातातली शेंग तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी मनात जबाब तयार करत होते. मी नोकरी करते, कुणाचं काही अडू देत नाही, कुणाच्या तोंडचं काढून घेत नाही. चाळिशी उलटलेली बाई, पण दहावीचा निकाल लागायचाय अशी उभी.

"आन् मला?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय, आत्याबाई?"

"मला बी दे की एक तास."

"कशाला?"

"कशाला न्हाई. नुसतं बसायला." त्यांनी शेंग खाली ठेवली. "लगीन होऊन आले तवापासून नुसतं बसले न्हाई मी. आता पोरगं बी कर म्हणत न्हाई, तू बी म्हणत न्हाईस. पन तू सारखी कामात. तू उभी असताना मी कशी बसू?"

मी त्यांच्या धाकाने काम काढत होते, आणि त्या माझ्या धाकाने शेंगा फोडत होत्या. इतकी वर्षं एकाच घरात आम्ही दोघी एकमेकींना कामात दिसायची धडपड करत होतो. नवऱ्याचंही हसू थांबलं. तो म्हणाला, "रविवारचा संध्याकाळचा स्वयंपाक माझा." त्याला फक्त खिचडी येते, पण बोलला हे महत्त्वाचं.

पहिल्या रविवारी सासूबाईंना जिना चढायला मी हात दिला. त्यांच्यासाठी गच्चीवर सतरंजी टाकली, उशी दिली. हेडफोन त्यांनी नको म्हटला, म्हणून फोनवरच मोठ्याने लावलं. थोडा वेळ त्या कान देऊन ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हननारं कुनी न्हाईच की यात. नुसतंच वाजवून राहिले."

"हो. नुसतंच."

"मंग बरंय," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला पाठ टेकून पाय लांब केले. गल्लीतून पोरांच्या खेळण्याचा आवाज येत होता. ऊन उतरलं होतं. मी कधी सॅक्सोफोन ऐकत होते, कधी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. त्या हातांना असं पडलेलं मी याआधी कधी पाहिलं नव्हतं, झोपेतसुद्धा नाही.

खालून नवऱ्याची हाक आली, "आई, मोहरीचा डबा कुठंय?"

मी सवयीने उठायला लागले. सासूबाईंनी माझा पदर धरला आणि डोळे न उघडताच खाली ओरडून सांगितलं, "हुडक!"