खिडकीची खालची बाजू

त्या रंगाऱ्याला सगळे तीनहाते म्हणत. आडनाव नव्हे हो ते. काम विचारायला कुणी आलं, की तो आधी हेच बजावायचा, "एक हात प्रायमरचा, दोन रंगाचे. तीन हातांपेक्षा कमी मी मारत नाही. पटत असेल तर बोला." भिंतींना तो हात लावत नसे. भिंत काय, कुणीही रंगवतो, असं त्याचं ठाम मत. त्याचं काम बाहेरच्या लाकडाचं : खिडक्या, दारं, गॅलरीचे कठडे, छपराच्या कडेच्या फळ्या. बारा महिने ऊनपाऊस खातं ते लाकूड, त्याची काळजी घ्यायला अक्कल लागते, हे तो इतक्यांदा सांगायचा की ऐकणाऱ्याला जांभई यायची.

त्याच्या खिशात दाढीचा एक गोल आरसा असायचा. काम संपलं की तो घरमालकाला खिडकीशी बोलवायचा आणि खिडकीच्या खालच्या फळीखाली आरसा धरून फळीची तळाची बाजू दाखवायचा. "वरचा रंग तुमच्यासाठी, हा पाण्यासाठी. पाणी वळून इथे येतं आणि उघडं लाकूड सापडलं की आत शिरतं." लोक हसायचे, पण काम त्यालाच द्यायचे.

आता हा एवढा आरसेवाला माणूस, आणि बाईंच्या घरी त्याने तो खिशातून काढलाच नाही. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी खिडक्या नव्या करून घेतल्या. सुतार तीनहात्याचा धाकटा मेहुणा, त्यानेच सुचवलेला. मेहुण्याने लाकूड चोख बसवलं आणि रंगाऱ्याच्या ताब्यात दिलं. खालच्या खिडक्या नीट झाल्या. वरच्या चार राहिल्या, तेव्हा रंगाऱ्याचा उजवा खांदा धरला. फळीला खालून ब्रश लावायचा तर शिडीवर उभं राहून हात उलटा वळवावा लागतो, तो वळेना. खांदा गेला असं कळलं तर कोण शिडीवर चढवणार, म्हणून तो कुणाला बोलला नाही, बायकोलासुद्धा. आज नको, उद्या करू, असं करता करता काम संपलं.

"आरसा नाही दाखवत या खेपेला?" बाईंनी विचारलं होतं.

"का, बाई? माझ्यावर विश्वास नाही का?"

बाई ओशाळल्या. "तसं नाही हो," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तो चहा त्याने प्यायला, वर बिस्किटंही खाल्ली.

तीन वर्षांनी, म्हणजे गेल्या आठवड्यात, त्या चारांतली एक फळी कुंडीसकट अंगणात कोसळली. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. वरचा रंग अजून तुकतुकीत, मग दोष लाकडाचाच, असा बाईंनी फळी उलटून न पाहताच चोख हिशोब मांडला आणि सुताराला बोलावून ओलं लाकूड लावल्याबद्दल शाळेतल्यासारखं झापलं. "असेल बाई, माझंच चुकलं असेल. नवी करून देतो," एवढंच बोलून मेहुणा पडकी फळी घेऊन गेला. बाईंचा शब्द म्हणजे गल्लीत शेवटचा शब्द. ठरलेली दोन कामं त्याच आठवड्यात दुसऱ्या सुताराकडे गेली.

रंगाऱ्याला हे बायकोने जेवताना सांगितलं. "अहो, माझा भाऊ कधी कच्चं लाकूड लावेल का?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"होतं एखाद्या वेळी," तो म्हणाला. म्हणाला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मेहुण्याच्या कारखान्यात गेला. पडकी फळी कोपऱ्यात उलटी पडली होती. वरची बाजू रंगीत, खालच्या बाजूवर ताजा रंधा फिरवलेला.

"ही का रंधलीस?"

"दाजी, चहा सांगू?"

"का रंधलीस, विचारतोय."

मेहुण्याने हातातली पटाशी खाली ठेवली. "त्यावर माझी पेन्सिल होती. 'ही बाजू खाली.' परवा लिहिल्यासारखी. प्रायमर लागला असता तर दिसली असती का? कुणी पाहिलं असतं तर..." मग हळूच म्हणाला, "तुमचा खांदा तेव्हापासून धरलाय, ते मला माहितीये. ताईला नाही बोललो. माझे हात धड आहेत दाजी. मला दुसरीकडे काम मिळेल. तुम्हाला मिळेल का?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं रंगाऱ्याला. तो उठला आणि तडक बाईंकडे गेला.

"बाई, लाकूड चांगलं होतं. वरच्या फळ्यांना खालून मी रंगच लावला नव्हता."

बाई हसल्या. "मेहुण्यासाठी एवढं करताय! तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो. पण मी काही त्यात फसायची नाही."

त्याने पुन्हा सांगितलं. बाईंनी पुन्हा कौतुक केलं. क्षणभर त्याला हायसं वाटलं, खोटं कशाला बोला. सांगायचं ते सांगून झालं, त्यांना पटत नसेल तर आपण काय करणार? उठावं आणि घरी जावं. चपलेत पायही सरकवला त्याने. मग फळीवर फिरलेला तो रंधा आठवला, आणि त्याने खिशातून आरसा काढला.

"वर चला बाई. तीन फळ्या अजून जागेवर आहेत."

खिडकीतून त्याने आरसा बाहेर धरला, पण धरलेल्या खांद्यामुळे हात वळेना. "तुम्हीच धरा." बाई चष्मा सावरून वाकल्या. अक्षरं आरशात उलटी दिसत होती, तरी त्यांनी एकेक लावत वाचलं, "ही... बाजू... खाली."

बाई सरळ झाल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

"विश्वास नाही का, असं विचारलं होतंत तुम्ही मला. एवढ्या चांगल्या माणसावर संशय घेतला, म्हणून मी दोन दिवस स्वतःला बोल लावत होते."

त्याने आरशासाठी हात पुढे केला.

"चला," बाईंनी आरसा त्याच्या हातात दिला. "सुताराची माफी मागायची आहे मला. तुम्ही पुढे व्हा. वाटेत जो विचारेल, त्याला सांगायचं."

फाटकाशीच शेजारचा डॉक्टर भेटला. "काय तीनहाते, बाईंना घेऊन कुठे निघालात?"

रंगारी थांबला. आरसा अजून त्याच्या मुठीत होता.

"डॉक्टर, तसं नका म्हणू मला," तो म्हणाला. "या घराच्या वरच्या फळ्यांना खालून मी एकही हात मारलेला नाही."