आप्पांचं पथ्य

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, किडन्या थकल्या आणि पोटॅशियम हा शब्द आमच्या वळसंगच्या घरात शिरला. सोलापूरच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एकदाच भेटून पथ्य सांगितलं होतं: भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, पाणी काढून टाकायचं, मग फोडणी. पुढे आप्पांना एसटीचा प्रवास झेपेना, तेव्हा बाई म्हणाल्या, फोनवर बोलू.

तरी पुढच्या रिपोर्टात रक्तातलं पोटॅशियम वाढलेलंच. आता उतरलं नाही तर भरती व्हावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, निकाल देऊन टाकला: हे चोरून खातात. दुपारी ती आडवी झाली की डबे उघडतात. आप्पांनी शपथ घेतली, पण अव्वाच्या कोर्टात शपथ चालत नाही. ते अर्ध्या ताटावरून उठायला लागले. घरातच चोर ठरलेल्या माणसाला घास कसा उतरणार?

एका रविवारी मी सोलापूरहून घरी आले होते. बाईंचा फोन आला, मी स्पीकर लावला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, मी तुमच्या चुलीपाशी बसलेय असं समजा. सकाळी काय काय करता, सगळं सांगा."

अव्वाला बोलायला निमित्तच हवं असतं. "आदी भाजी उकळते. पानी गाळून काढते. मग भाकरीचं पीठ मळते."

"पीठ कुठल्या पाण्यात मळता?"

"त्याच की. ज्वारीला गरम पानी लागतंयच. भाजीचा कस हाय त्यात, कशाला टाकायचा? भाकरी लई मऊ होतीया."

बाई हळूच म्हणाल्या, "मावशी, भाजीतून जे पोटॅशियम काढलं, तेच भाकरीतून परत त्यांच्या पोटात जातंय."



त्या दिवसापासून भाजीचं पाणी मोरीत जायला लागलं. ते ओतताना अव्वाचा जीव वरखाली व्हायचा, पण ओतायची. पुढच्या रिपोर्टात पोटॅशियम उतरलं, भरती टळली. मी रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा अव्वा आप्पांसमोर उभी राहिली.

"चोर मीच की," ती म्हणाली. "माज्या हातानं तुमाला..."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि पाट ओढून घेतला.

"भूक लागलीया," ते म्हणाले. "वाढ."