पाठीला सांगितलेलं

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. आणि न बोललेलं असं माझ्याजवळ फार काही नसतं — पेडण्याच्या पायलट स्टँडवर कुणालाही विचारा. गिऱ्हाइकासकट गाडी शेतात घातली, ते सांगितलं. लग्नात हार करवलीच्या गळ्यात घालायला निघालो, तेही सांगितलं — अजून दर मोसमात एकदा सांगतो. स्वतःची फजिती सांगायला मला लाज नाही. लोक हसतात, मला बरं वाटतं. पण हे हसण्यासारखं नाही. म्हणून राहिलं.

पायलट म्हणजे विमानाचा नव्हे हां. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, मागे एक माणूस बसवायचा नि पोचवायचा. चौथी नापास माणसाला देव याहून मोठं विमान कशाला देईल?

माझी मुलगी सायली. आम्ही बाय म्हणतो. तेव्हा ती आठवीत होती. सकाळी शाळेची वेळ झाली की तिचं पोट दुखायचं. सोंग नव्हे — ओठावर घाम यायचा, हात बर्फासारखे. शाळेच्या बसमध्ये चढली की उलटी. बायको ओवा द्यायची, माझी आई दृष्ट काढायची, मी विनोद करायचो. तिघांचाही गुण सारखाच.

शेवटी मीच तिला गाडीवरून सोडायला लागलो. आणि एक दिवस, काजूच्या बागेजवळ चढाव आहे तिथं गाडी हळू झाली, तेव्हा मागून बारीक आवाज आला.

"पपा, फाटी बघू नुको हां. नुसता आयक."

मी डावा आरसा आत वळवून टाकला. म्हटलं, बघ, आता डोळेच नाहीत मला मागे. तिनं माझा शर्ट दोन्ही हातांनी धरला नि सांगितलं. हजेरीत तिचा नंबर एकवीस. सतरावा आला की ती मनात 'हजर, हजर' म्हणायला लागायची. आणि एकवीस आला की घसा बंद. आदल्या दिवशी बाईंनी मान वर न करता दोनदा नाव घेतलं आणि गैरहजर लावून पुढे गेल्या. बाय बाकावरच बसलेली. दिवसभर.

"कोणाक सांगू नुको."

"नाय गो बाय."

मग रोजचंच झालं. तो चढाव आला की ती बोलायची. आईला नाही, आजीला नाही — माझ्या पाठीला. आयुष्यात मला कुणी गुपित सांगितलं नव्हतं. कोण सांगेल? माझ्या तोंडाला दार कुठे आहे? पण ती सांगायची. आणि खरं सांगू? पोट हळूहळू कमी दुखायला लागलं होतं.

मग चवथ आली.

आमच्या भावकीचा गणपती एकच, मोठ्या काकाच्या घरी. दुपारची आरती झाली की गाऱ्हाणं घालतात. एक जण देवापुढे उभा राहून एकेका घराची अडचण मोठ्यानं सांगतो — ह्याच्या चेडवाचं लग्न जमू दे, त्याच्या झिलाला नोकरी लागू दे — आणि मागे सगळी मंडळी ओरडते, "व्हय म्हाराजा!" दरवर्षी मोठा काकाच घालायचा. त्या वर्षी त्याचा घसा बसला. तो मला म्हणाला, "तूच घाल रे. तुझी पट्टी तशीय बंद खंय असता?"

सगळे हसले. मीही हसलो. उभा राहिलो.

आता हे कसं सांगू?

तीन घरं झाली. चौथ्या घराला माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. पाठीमागे चाळीस-पन्नास माणसं, सगळी गप्प, माझ्या शब्दाची वाट बघत. जोडलेल्या हातांचे अंगठे थरथरायला लागले. मला ते ओळखीचं होतं — म्हणजे फार जुन्या ओळखीचं. चौथीत धडा वाचायला उभं केलं होतं, तेव्हाचं. मी लोकांना सांगतो की गुरुजींनी मला वर्गाबाहेर हाकललं. कुणी हाकललं नाही. धडा मला येत होता. आवाज येत नव्हता. मी खिडकीतून उडी मारून पळालो, आणि परत गेलोच नाही. त्यानंतर शिकलो ते एवढंच — हसवणाऱ्याला कुणी वाचायला सांगत नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "फुडे बोल मरे! देव जेवूक थांबलोहा!"

आणि मी बोललो. "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक शाळेत 'हजर' म्हणूक जमणा नाय म्हाराजा —"

"व्हय म्हाराजा!"

"बाकार बसान गैरहजर लागता म्हाराजा —"

"व्हय म्हाराजा!"

लोक हसायला लागले. माझे अंगठे थांबले. पहिलं वाक्य भीतीनं निघालं, ते सोडा. पण दुसरं? तिसरं? तोवर भीती गेली होती. मला चव लागली होती. एकवीस नंबर सांगितला. घसा कसा बंद होतो त्याची नक्कलही केली — देवाकडे तोंड करून, पण मागच्या लोकांना दिसेल अशी मान वाकडी करून.

बाय कुठे उभी होती ते मी बघितलं नाही. बघितलं नाही, म्हणजे बघायचं टाळलं.

पंगत बसली. पानात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वाढत होते तेव्हा चुलत भावाचा मुलगा ओरडला, "गैरहजराची नेवरी माका वाढ गे!" पोरं खिदळली. त्या दिवसापासून भावकीत तिचं ते नावच पडलं. त्यातली दोन पोरं तिच्याच शाळेत. पुढचं तुम्हीच समजा.

बायको रागावली. तेव्हा माझी आई मध्ये पडली — बापानं देवाकडे मागायचं नाही तर कुणी मागायचं? गाऱ्हाण्यात घरची अडचण सांगतातच. खरंच सांगतात. मी त्या पदराआड लपलो. जागा चांगली होती.

चवथीनंतर शाळा उघडली. चढाव आला. गाडी हळू केली. मग मागून —

"पपा, तू देवाक सांगलंस की लोकांक?"

माझ्याकडे तेव्हा खरं होतं. सगळं होतं. मला सांगता आलं असतं की बाय, मीपण एकवीस नंबरच. तुझा घसा माझाच आहे, मी तो चौथीपासून लपवलाय, आणि त्या दिवशी माझी चामडी वाचवायला तुझी पुढे केली. चढाव लांब आहे. वेळ होता.

मी म्हटलं, "देवाक गो."

ती म्हणाली, "मगे देवान आयकूक नाय."

आणि शर्ट सोडून तिनं मागची दांडी धरली.

याला आता तीन वर्षं झाली. म्हापशाला एका डॉक्टर मॅडमकडे तिला नेतो. भीतीचं औषध देतात, बोलतं करतात. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास? बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ह्या घरात मी असताना? मला गप्प करायचं औषध असलं तर द्या. मॅडम हसल्या. मग त्यांनी विचारलं, घरात ती कुणाशी मोकळं बोलते? बायको म्हणाली, बापाशी, गाडीवर. मी होकाराची मान हलवली. बाय माझ्याकडे बघत होती. तीही काही बोलली नाही. तिनं मला वाचवलं की सोडून दिलं — मला ठाऊक नाही.

घरात ह्या भीतीची आपण एकटीच, असं ती अजून समजते.

डावा आरसा अजून आत वळवलेला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मी म्हणतो, माझं थोबाड मलाच बघवत नाही. हसतात. म्हापशाला जाताना तो चढाव लागतो. मी गाडी हळू करतो. मागे दांडीवर तिची बोटं वाजतात, एक, दोन, तीन — काय मोजते कोण जाणे. मी मागे बघत नाही. मग चढाव संपतो.